आमदाराचा पक्ष कुठे बघावा? मायनेता, लोकढाबा, पीआरएस आणि विकिडेटा

२०१९ला शिवसेनेचे ५६ आमदार निवडून आले, २०२४ला ५७. दोन्ही आकडे तक्त्यात एकाखाली एक ठेवले की पक्ष जागच्या जागी दिसतो, उलट एक जागा वाढलेलीच. मधल्या काळात पक्ष फुटला. फेब्रुवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, आणि ठाकरे गटाने २०२४ला मशाल घेऊन वेगळ्या नावाने २० जागा जिंकल्या. यातलं काहीही तक्त्याला ठाऊक नसतं. मग फक्त पक्षाची नावं जुळवणारा प्रोग्रॅम वरळीच्या आदित्य ठाकरेंना पक्ष बदललेले आमदार ठरवतो आणि कोपरी-पाचपाखाडीच्या एकनाथ शिंदेंना पक्षनिष्ठ!

म्हणून साधन निवडण्याआधी एकच गोष्ट ठरवा: तुम्हाला कोणत्या तारखेचा पक्ष हवाय? तिकीट मिळालं त्या दिवशीचा, की आजचा?

तिकिटाचा पक्ष हवा असेल तर मायनेता पुरेसं आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सची ही साइट उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांवर उभी आहे. त्यामुळे पक्षासोबत गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षणही दिसतं. पडलेले उमेदवारही सापडतात. प्रत्येक निवडणुकीचा कप्पा वेगळा असतो आणि आमदाराने नंतर उडी मारली तरी तिथला पक्ष तोच राहतो. लोक याला जुनी माहिती म्हणून नावं ठेवतात, ते मला पटत नाही. राज्यघटनेच्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातही निवडून आलेला सदस्य ज्या पक्षाने त्याला उभं केलं त्याच पक्षाचा धरला जातो.

मात्र आज सभागृहात कोण कुठे बसतं, हे मायनेतावर शोधू नका. गोव्याचंच बघा. २०२२च्या निवडणुकीत ४० पैकी भाजपला २० आणि काँग्रेसला ११ जागा मिळाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदीतून सुटायला पक्षाचे दोन तृतीयांश आमदार सोबत लागतात. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सातच्या वर, म्हणून आठ. हिशेब पक्का होता. निवडणुकीची नोंद ११च म्हणणार, सभागृहात काँग्रेसचे तीनच उरले होते. दोन्ही आकडे आपापल्या तारखेला बरोबर. आजच्या स्थितीसाठी विधानमंडळाची सदस्य यादी बघावी. खासदारांसाठी संसदेचं पोर्टल आहे.

अभ्यासक किंवा डेटावाल्या पत्रकाराला लोकढाबा आवडेल. अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरने लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांचे १९६२पासूनचे निकाल तिथे एका साच्यात बसवले आहेत आणि सगळं सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, उतरवून घेता येतं. पक्ष बदलून लढलेल्यांसाठी वेगळा रकाना आहे, पुन्हा लढलेल्यांसाठीही आहे. पंचवीस-तीस वर्षांचा कल काढायचा असेल तर दुसरीकडे वेळ घालवू नका. फक्त महाराष्ट्राची २०१९नंतरची तुलना करताना पक्षबदलाचा रकाना डोळे मिटून घेऊ नका. कुठलाही डेटा असो, वर सांगितलेली दोन नावं आधी तपासा. तिथे ठाकरे बंडखोर आणि शिंदे निष्ठावान निघाले, तर पुढची बेरीज-वजाबाकी थांबवलेली बरी. राष्ट्रवादीचंही तेच. २०१९चे ५४ आणि २०२४चे ४१ हे एकाच पक्षाचे आकडे म्हणून छापले, तर शरद पवार गटाचे १० आमदार हिशेबातून गळतात.

पीआरएस, म्हणजे कायदेमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ, याबद्दल थोडक्यात. खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग यासाठी ते उत्तम आहे आणि पक्ष ओघाने कळतो. मंत्र्यांची हजेरी तिथे शोधू नका, कारण मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत. आमदाराचा पक्ष एवढंच हवं असेल तर त्या वाटेला जायची गरज नाही.

विकिडेटा म्हणजे विकिपीडियासारखाच, कुणीही भर घालू शकेल असा माहितीसाठा. त्याची रचना मला सर्वात आवडते, पण भरवसा सर्वात कमी. तिथे पक्षाच्या नोंदीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख जोडता येते. म्हणजे अमुक दिवशी हा आमदार कोणत्या पक्षात होता, असं थेट विचारता येतं. बाकीच्यांना हे जमत नाही. पण तारखा कुणीतरी भरायला हव्यात, आणि बऱ्याच आमदारांच्या बाबतीत त्या रिकाम्याच असतात. शिवाय शिवसेनेच्या फुटीची तारीख कोणती लिहायची? जून २०२२चं बंड, १७ फेब्रुवारी २०२३चा आयोगाचा निर्णय, की १० जानेवारी २०२४चा विधानसभा अध्यक्षांचा निकाल? तिन्हींमागे कारण आहे. म्हणून तिथलं उत्तर वापरताना त्या नोंदीखालचा संदर्भ बघाच.

एकदाच बघायचं असेल तर मायनेता आणि विधानमंडळाची यादी शेजारी-शेजारी उघडा, पाच मिनिटांत काम होतं. वारंवार लागणार असेल तर स्वतःची शीट करा: तिकिटाचा पक्ष, सध्याचा पक्ष, कोणत्या तारखेपासून, कशाच्या आधारे. ओळी जुळवायला नाव वापरू नका. एकीकडे वडिलांचं नाव असतं, दुसरीकडे नसतं, आणि इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येकाचं निराळं. मतदारसंघाचा क्रमांक घ्या, १ अक्कलकुवा ते २८८ जत. हे क्रमांक पुनर्रचनेनंतरचे आहेत, २००९च्या निवडणुकीपासून चालतात. त्याआधीच्या वर्षांना लावले तर भलताच मतदारसंघ जुळेल.

विधान परिषदेला मात्र हा क्रमांक लागू नाही. ७८ जागांपैकी ३० आमदारांनी निवडलेल्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, पदवीधर आणि शिक्षकांच्या प्रत्येकी ७, आणि १२ राज्यपाल नियुक्त. लोकढाब्यात परिषद नाही. तिथे विधानमंडळाची यादी हाच पहिला आधार. राज्यपाल नियुक्त सदस्याला कुणी तिकीट दिलेलंच नसतं, तेव्हा शीटमधला तो रकाना मोकळाच सोडा.