कॅमेरा ट्रॅप लावायचे की ट्रान्सेक्ट चालायचं?

सह्याद्रीतल्या तिलारी-चंदगड पट्ट्यातलं एखादं खासगी जंगल किंवा गावाची देवराई, हाताशी लाख-सव्वा लाख आणि चार माणसं, आणि तिथल्या जनावरांचा सर्वे करायचाय असं असेल तर पुढचं वाचा. आम्ही एक सीझन कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले आणि नंतरचे दोन सीझन ट्रान्सेक्टची, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेत चालत दिसलेली जनावरं मोजायची पायपीट केली, त्यावरून सांगतोय, तज्ज्ञ वगैरे नाही.

वाघ-बिबट्याच मोजायचे असतील तर वादच नको, कॅमेरा घ्या. पट्टे-ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात पण दोन्ही कुशींचा फोटो लागतो, म्हणून एका जागी समोरासमोर दोन कॅमेरे, म्हणजे खर्च तिथेच डबल. खवले मांजर, उदमांजर, पिसोरी (म्हणजे माउस डिअर) ही रात्रीची मंडळी चालून दिसतील ही आशाही सोडा. पिसोरी आहे असं तिथले गुराखी आम्हाला कधीपासून सांगत होते, आम्ही शहाणे मान डोलवायचो आणि विसरायचो, कॅमेऱ्यात पहिल्याच महिन्यात आली.

आता फोटो निवडण्याचं काम. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते, फोटो आले जवळजवळ साडेतीन कोटी आणि त्यात वाघाचे 76,651. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर आहे, माणसं आहेत, आपल्याकडे एक लॅपटॉप आणि रविवार. तेही चालवून घेतलं असतं हो, पण मला खरा वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कॅमेरा बिघडला, भरला, मेला तरी सांगत नाही!

आमच्या चार जागा होत्या, आठ कॅमेरे, प्रत्येकात आठ पेन्सिल सेल. पंचवीस दिवसांनी काढायला गेलो. ओढ्याकाठच्या जोडीतल्या एकात सहा हजारांवर फोटो, म्हटलं लॉटरी लागली. उघडून बघतो तर सुरुवातीची दोन भेकरं सोडली तर सगळीकडे कारवीची एकच फांदी, वाऱ्याने पुढे येतेय, मागे जातेय, पुन्हा पुढे. उन्हात तापलेलं पान हललं की सेन्सरला ते जनावरच वाटतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्ड फुल आणि पुढचे बावीस दिवस साहेब नुसते झाडाला बांधलेले. त्याच्या जोडीदाराच्या पोटात मुंग्यांनी घर केलेलं, पांढरी अंडी थेट सेलच्या कप्प्यापर्यंत. महिना गेला, सीझन थोडाच उरला होता आणि आम्हाला पत्ताच नाही.

चालण्यात निदान हे होत नाही. पाचोळा करकर वाजला, वारा पाठीमागून आला, सगळी जनावरं आधीच पसार झाली तर सकाळी नऊलाच कळतं की आजचा दिवस वाया, उद्या पुन्हा येऊ. त्रास आहेच, नाही असं नाही. लाइन पायवाटेवरून नाही, रानातून सरळ काढावी लागते, त्यात दोन-चार दिवस कोयता चालवण्यात जातात. रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, चाळीस मीटरवरच्या गव्यावर धरला की मधल्या पानावर आपटून चार मीटर दाखवतो. आणि घनता, म्हणजे चौरस किलोमीटरमागे किती जनावरं ते, काढायची तर एका प्राण्याच्या साठ-ऐंशी नोंदी हव्यात म्हणतात, आम्हाला दोन सीझनमध्ये सांबर दिसलं अकरा वेळा. त्यामुळे आम्ही घनतेचा नाद सोडला, किलोमीटरमागे किती दिसले एवढंच लिहितो, आणि मला वाटतं छोट्या रानाला दरवर्षी तेच आणि तसंच मोजलं तरी बरंच काही कळतं.

शिवाय आपला राज्यप्राणी शेकरू वर फांद्यांत, धनेश त्याच्याही वर, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेल्या कॅमेऱ्याला ते दिसणार कधी? सोबत चालणारे गावातले काका मात्र नुसत्या आवाजावरून थांबवतात. सरपणाला जाणाऱ्या बायकांचे फोटो आले म्हणून गावात जी बोलणी खाल्ली तीही नंतर बंद झाली, हा वरचा फायदा.

तुमचं रान वेगळं असेल, प्रश्न वेगळा असेल, तरी आज पुन्हा पैसे घालायचे झाले तर मी रेंजफाइंडर, होकायंत्र आणि दोन वाटाड्यांची मजुरी यातच घालेन. कॅमेरे कोणाकडून दोन-तीन उसने मिळाले तर जरूर लावा, पण आठवड्याने एकदा जाऊन उघडून बघा आणि लावण्याआधी समोरची कारवी कोयत्याने साफ करा.