चौदा महिने, २२,००० रुपयांचे कोटिंग आणि आमच्या बोअरचे पाणी

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास गाडी धुऊन मी फोन घ्यायला घरात गेलो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी परत आलो, तर काळ्याभोर बॉनेटवर ठिपक्यांची रांगोळी उमटलेली होती. प्रत्येक ठिपका साबुदाण्याएवढा, मध्ये जवळजवळ स्वच्छ आणि कडेला पांढरे रिंगण असलेला. ओल्या फडक्याने पुसले तेव्हा तो दिसेनासा झाला आणि वाळल्यावर पुन्हा जागच्या जागी आला. नखाने हळूच चाचपले तर बारीक पिठीसाखरेसारखे काहीतरी लागत होते. ज्या गाडीवर पाच वर्षांच्या वॉरंटीचे सिरॅमिक कोटिंग (रंगाच्या रक्षणासाठी वरून चढवलेला पातळ थर) करून जेमतेम सात महिने झाले होते, त्या गाडीची ही अवस्था पाहून मी थेट दुकान गाठले. तिथे जे झाले ते पुढे सांगतो.

गाडी २०२४ च्या दसऱ्याची. काळा रंग सोलापुरात घेऊ नये, हे शोरूममध्ये, घरी आणि कॉलनीत अशा तिन्ही ठिकाणी मला सांगून झाले होते. तो घेतल्याचा पश्चात्ताप अजूनही नाही. मात्र पांढऱ्या गाडीवर जे वर्षभर दिसत नाही ते काळ्या गाडीवर दुसऱ्या दिवशी दिसते, एवढे मान्य केले पाहिजे. डिलिव्हरीच्या वेळी देऊ केलेले सगळे जादा पॅकेज नाकारून मी दोन आठवड्यांनी शहरातल्या एका डिटेलिंगच्या दुकानात गाडी दिली. त्यांनी आधी मशीनने पॉलिश केले, कारण कोऱ्या गाडीवरही दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसत होते. ते कंपनीतून आलेले नव्हते; डिलिव्हरीआधी घाईघाईत फडके मारून गाडी चकाचक करतात, त्यातून ते येतात. नवी गाडी घेणाऱ्याने "गाडी धुऊ नका, आहे तशी द्या" असे बुकिंगच्या वेळीच सांगावे. मला हे सांगणारे कोणी भेटले नाही.

कोटिंग करताना दुकानातल्या मुलाने "हिरा दहा, आपले कोटिंग नऊ, मालक" असे ९ एचचे, म्हणजे कोटिंगच्या कडकपणाच्या आकड्याचे, वर्णन केले होते. ही सरळ गफलत आहे. हिऱ्याला १० देणारी मोजपट्टी मोहस यांची, खनिजांच्या कडकपणाची. कोटिंगचा ९ एच येतो तो पेन्सिलीच्या चाचणीतून, ज्यात मऊ ६ बीपासून कडक ९ एचपर्यंतच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ढकलतात आणि सर्वांत कडक अशी कोणती पेन्सिल ओरखडा उठवत नाही ते पाहतात. धुळीतला वाळूचा कण मोहस यांच्या पट्टीवर ७ ला बसतो. त्याच्यापुढे पेन्सिलीचे टोक काहीच नाही. शिवाय या थराची जाडी फार तर एक-दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते. त्याखालचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉन, आणि पत्र्यावरचा सगळा रंग मिळून १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास. एवढ्या पातळ थराकडून मी चिलखताची अपेक्षा धरली, यात त्या मुलाचा वाटा निम्मा आणि माझा निम्मा.

पहिली चूक टॉवेलची. आमचे घर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या मागांवर वाढलेले. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, टेरी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल करणारा) म्हणून उभी हयात काढली, त्यामुळे सेकंड मालाचे टॉवेल आमच्याकडे कधी संपत नाहीत. ज्या गावच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे त्या गावात राहून गाडीसाठी ४०० रुपयांचे मायक्रोफायबरचे मऊ फडके विकत घ्यायचे, हे मला पटले नाही. मी दोन महिने रोज सकाळी कोरड्या टॉवेलने गाडी पुसत होतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला गाडी होम मैदानाच्या बाजूला तीन तास उभी राहिली, तिच्यावर बोटभर धूळ बसली आणि दुसऱ्या दिवशी तीही मी तशीच कोरडी पुसली. संध्याकाळी पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली पुन्हा तेच जाळे दिसले. अण्णांना दाखवले, तेव्हा त्यांनी टॉवेलची किनार दोन बोटांत धरून शिवणीचा कडक दोरा मला चाचपायला लावला, कोऱ्या मालात खळ राहिलेली असते हे सांगितले आणि म्हणाले, "टॉवेल अंग पुसायला असतो, पत्रा पुसायला नाही." टॉवेलच्या बाजूने एवढेच सांगतो की खरा गुन्हा कोरड्या धुळीवर फडके फिरवण्याचा होता, मायक्रोफायबरनेही तसे केले असते तर ओरखडे पडलेच असते, थोडे कमी इतकेच.

आता दुकानातली गोष्ट. पाच वर्षांची वॉरंटी असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या कार्डाच्या मागे, चष्मा लावूनही सायास पडावेत एवढ्या बारीक अक्षरांत, दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडे २,००० रुपये देऊन "मेंटेनन्स वॉश" केला नाही तर वॉरंटी रद्द, आणि पाण्याच्या डागांना वॉरंटी लागू नाही, असे लिहिलेले होते. म्हणजे पाच वर्षांत दहा वेळा २,००० रुपये, जे मूळ कोटिंगच्या जवळपास बरोबरीचे होतात. हा हिशेब मी त्यांच्या काउंटरवर त्यांच्याच पेनाने करून दाखवला. मालक शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "तुमच्या बोअरच्या पाण्याला आम्ही काय करणार ओ मालक?" आणि बॉनेट पुन्हा पॉलिश करून कोटिंग द्यायचे ४,५०० रुपये सांगितले. पाऊण तास वाद घालून मी रिकाम्या हाताने परतलो आणि त्या रात्री या सगळ्या धंद्याला फसवणूक ठरवून मोकळा झालो.

ते मत मला महिनाभरात बदलावे लागले, तेही पूर्ण नाही. आरओ बसवणाऱ्या एका मित्राने ३०० रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) हातात दिला आणि मी घरातले प्रत्येक पाणी मोजत सुटलो. बोअरचे पाणी ११५०, म्हणजे लिटरमागे ११५० मिलिग्रॅम क्षार. नळाचे उजनीचे पाणी २८०. आरओचे पिण्याचे पाणी ३५. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा मानली आहे, त्यावरून बोअरची कल्पना यावी. हा मीटर विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज सांगतो, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती ते सांगत नाही; पण आमच्या नळांच्या तोट्यांवर जमणारा पांढरा थर पाहिल्यावर त्याची वेगळी चौकशी करावी लागत नाही. हिशेब सोपा आहे. धुतल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिले आणि ते उन्हात वाळले, तर अर्ध्या ग्रॅमहून अधिक क्षार रंगावर चिकटून राहतात, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची.

मग कोटिंगचा दोष कुठला? इथे मला माझेच म्हणणे मागे घ्यावे लागले. कोटिंग आपले काम चोख करत होते. पाणी पसरू न देता त्याचे टपोरे थेंब करणे हेच तर त्याचे काम. उभ्या दारांवरून ते थेंब घरंगळून जातात. बॉनेट आणि टपावर मात्र जागच्या जागी बसून राहतात आणि प्रत्येक थेंबातला सगळा क्षार त्याच्या कडेला जमून रिंगण होते. भावाच्या कोटिंग न केलेल्या पांढऱ्या गाडीवरही हात फिरवला तेव्हा तोच खरखरीतपणा लागला. तिच्यावर तो पसरट पापुद्र्यासारखा होता आणि रंगात लपला होता, इतकेच. जाहिरातीत दाखवतात ते मोत्यासारखे थेंब पाहायला छान दिसतात, पण आमच्या गावात तेच थेंब डागांचे मूळ आहेत, आणि हे विकणाऱ्याने सांगायला हवे, या मतावर मी ठाम आहे.

पाणी वाचवण्याच्या नादात झालेला एक मूर्खपणाही नोंदवतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पाइपने गाडी धुणे शोभत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी आरओच्या वेस्टच्या नळीखाली बादली लावून तेच पाणी गाडीला वापरत होतो आणि कॉलनीत त्याबद्दल शाबासकीही मिळवत होतो. ते मोजले तर ४१० आले. गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यातून बाहेर टाकले जातात हे डोळ्यांसमोर असून सुचले नाही. ते पाणी फरशी पुसायला उत्तम आहे.

डाग मी घरीच काढले. किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच आरओचे पाणी एकत्र करून, सावलीत गार झालेल्या बॉनेटवर मायक्रोफायबरने दोन मिनिटे ठेवले आणि लगेच भरपूर पाण्याने धुतले. बहुतेक रिंगणे गेली. वायपरजवळची चार राहिली, कारण तिथे क्षाराने वरचा थर खाल्ला आहे. ती पॉलिशने जातील, पण प्रत्येक पॉलिशला क्लिअर कोटचे थोडेतरी मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत, म्हणून ती चार मी तशीच ठेवली आहेत.

सध्याची पद्धत अशी. सकाळी साडेसहाच्या आत, गाडी गार असताना, शेतीच्या फवारणीचा दोन लिटरचा हातपंप (नवा कोरा, औषधाला कधीही न लागलेला) घेऊन आधी शांपूचा फेस मारतो आणि धूळ सुटेपर्यंत थांबतो. मग दोन बादल्या, एकीत शांपू आणि दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी, दोन्ही नळाचे. वरून खाली येत धुतो आणि सर्वांत शेवटी पाच लिटर आरओचे पाणी पंपाने सगळ्या गाडीवर मारतो. हे शेवटचे पाच लिटर म्हणजे माझ्या लेखी या १४ महिन्यांतले सर्वांत कामाचे कोटिंग. त्यानंतर पुसताना एखादा थेंब राहिला तरी डाग पडत नाही. एकूण २० लिटरच्या आत काम होते, आणि शेजारच्या काकूंनी "पाणी कुठून आणता रोज एवढे?" हा प्रश्न विचारणे बंद केले आहे.

कोटिंगला न्याय द्यायचा तर एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा आहे. ऑफिसात गाडी कडुलिंबाखाली उभी असते आणि पक्ष्यांची विष्ठा रोजची. पूर्वीच्या गाडीवर ती दुपारभर राहिली की रंगावर फिका नकाशा उमटायचा; या गाडीवर संध्याकाळी ओले फडके ठेवले की सुटून येते आणि खाली काही उरत नाही. धूळही फेसाबरोबर निम्म्याहून अधिक आपोआप जाते. यासाठी २२,००० रुपये योग्य होते का? मला विचाराल तर १०,००० पर्यंत ठीक. उरलेले पैसे ९ एचच्या गोष्टीचे.

ऑक्टोबरच्या मेंटेनन्स वॉशला मी मीटर खिशात घालून गेलो होतो. त्यांच्या पाइपचे पाणी ९२० निघाले, तेही बोअरचेच. मालकाने आकडा पाहिला, काही बोलला नाही, आणि बिलातून ५०० रुपये कमी केले. पुढची तारीख एप्रिलची आहे, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली. गाडी नेणार आहे, पण शेवटचे पाच लिटर माझ्या कॅनमधले मारायचे, हे त्यांच्याकडून कार्डाच्या मागेच लिहून घेतले आहे.