बचावपटूच्या चेहऱ्यावरचा मुखवटा: एक परीक्षण

नाकाचे हाड मोडल्यानंतर लवकर मैदानात परतू पाहणाऱ्या फुटबॉलपटूंसाठी जे संरक्षक मुखवटे मिळतात, त्यांचे परीक्षण बहुधा वजन, पट्टे आणि किंमत यांवरच थांबते. मी सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळतो, आणि नाकाच्या दुखापतीनंतर डॉक्टरांच्या परवानगीने तयार मापाचा, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा मुखवटा लावून सामने खेळलो आहे. त्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की बचावपटूने मुखवटा निवडताना सर्वांत आधी हे पाहावे, की मान न हलवता त्यातून खाली आणि दोन्ही बाजूंना किती दिसते. क्रोएशियाच्या योश्को ग्वार्दिओलने 2022 चा विश्वचषक मुखवटा लावून खेळला आणि जगातल्या सर्वोत्तम आघाडीवीरांसमोर या साधनाची परीक्षा झाली. म्हणून त्याच्या कारकिर्दीच्या आधाराने मी हे लिहीत आहे.

मुखवट्याचे काम समजायला सोपे आहे. तो कपाळावर आणि गालांच्या हाडांवर टेकतो, नाकावर मात्र टेकत नाही. तिथे मुद्दाम पोकळी ठेवलेली असते, त्यामुळे कोपर किंवा चेंडू लागला तरी आघात मोडलेल्या हाडाऐवजी शाबूत हाडांवर वाटला जातो. खेळाच्या नियमांतील चौथा नियम अशा हलक्या, धोकादायक नसलेल्या संरक्षक साधनांना परवानगी देतो, पण ते सुरक्षित आहे की नाही याचा निर्णय पंचांचा असतो. म्हणून कडा तीक्ष्ण असलेला किंवा चिरा गेलेला मुखवटा घेऊन मैदानावर जाण्यात अर्थ नाही.

ग्वार्दिओलचा जन्म 23 जानेवारी 2002 रोजी झाग्रेबमध्ये झाला. त्रेश्नेव्का या स्थानिक क्लबातून तो दिनामो झाग्रेबच्या अकादमीत आला आणि 2019 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिथल्या मुख्य संघात पोहोचला. जर्मनीतील लाइपझिग क्लबने 2020 मध्येच त्याला करारबद्ध केले, पण एक हंगाम दिनामोकडेच खेळू दिले. एकोणिसाव्या वर्षी तो युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत क्रोएशियाचा लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, होता आणि लाइपझिगमध्ये तो प्रामुख्याने मधल्या बचावात खेळू लागला. जागांची ही अदलाबदल मुखवट्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लेफ्ट-बॅकच्या एका हाताला मैदानाची रेषा असते आणि तिकडून फारसे कोणी येत नाही. मधल्या बचावपटूला मात्र दोन्ही खांद्यांच्या पलीकडचे सतत टिपावे लागते. म्हणजे ज्या जागेवर नजरेचा परीघ सर्वांत मोलाचा, त्याच जागेवर त्याला पुढे मुखवटा घालून उभे राहावे लागले.

नोव्हेंबर 2022 मध्ये, विश्वचषक अगदी तोंडावर आलेला असताना, फ्रायबुर्गविरुद्धच्या लीग सामन्यात स्वतःच्याच संघातील विली ऑर्बानशी त्याची टक्कर झाली, नाकाचे हाड मोडले आणि डोळ्याभोवती मोठी सूज आली. 23 नोव्हेंबरला क्रोएशियाचा मोरोक्कोविरुद्ध पहिला सामना झाला, त्यात तो काळा मुखवटा लावून उतरला, आणि तेव्हापासून क्रोएशियाचे सातही सामने खेळला. जपान आणि ब्राझीलविरुद्धच्या लढती जादा वेळेपर्यंत आणि मग पेनल्टी शूटआउटपर्यंत गेल्या. 120 मिनिटे चेहऱ्यावर कवच घट्ट बांधून धावणे म्हणजे काय, हे ते बांधल्याशिवाय कळणे कठीण आहे. माझ्या मुखवट्याच्या आतल्या बाजूचे फोम अर्ध्या सामन्यातच घामाने इतके भिजत असे, की मुखवटा गालांवरून खाली सरकू लागे आणि प्रत्येक उडीनंतर हाताने वर ढकलावा लागे. बचावपटूचा हात चेहऱ्याकडे गेला की तेवढा क्षण समोरचा आघाडीवीर मोकळा असतो, आणि हा दोष मी सर्वांत गंभीर मानतो.

दुसरा दोष खालच्या कडेचा. सरळ समोर पाहताना माझ्या मुखवट्यातून मैदान छान दिसत असे, पण चेंडू स्वतःच्या पायाशी आला की गालांवरची जाड कड मध्ये येई, आणि मान झुकवावी लागल्याने पुढचा पास शोधायला उशीर होई. चेंडू नुसता दूर धाडणाऱ्या बचावपटूला हे चालून जाईल. ग्वार्दिओल तसा खेळाडू नाही. तो चेंडू पायाशी ठेवून मधल्या फळीत शिरतो, डाव्या पायाने लांबचे पास देतो, आणि त्या स्पर्धेतही त्याने हा धीटपणा सोडला नाही. मुखवट्याच्या कडा किती पातळ हव्यात आणि डोळ्यांभोवतीचा भाग किती खोलवर कापलेला हवा, हे ठरवताना असाच खेळाडू डोळ्यांसमोर ठेवावा.

13 डिसेंबरच्या उपांत्य सामन्यातील अर्जेंटिनाच्या तिसऱ्या गोलाविषयी इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. उजव्या बाजूने मेस्सी धावत निघाला, ग्वार्दिओल त्याला चिकटून राहिला, तरी मेस्सीने त्याला वळणांवर चकवत गोलरेषेपर्यंत नेले आणि चेंडू मागे आपला सहकारी अल्वारेझ याच्याकडे दिला. या चकवण्यामागे मुखवट्यामुळे कमी झालेली नजर असावी, असे मला मुळीच वाटत नाही. ग्वार्दिओल शेवटपर्यंत योग्य अंतरावर होता. समोरचा खेळाडू त्या क्षणी अडवण्याजोगा नव्हता, इतकेच.

चारच दिवसांनी, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात मोरोक्कोविरुद्ध सातव्या मिनिटाला, फ्री-किकवर सहकारी पेरिशिचने डोक्याने आत वळवलेल्या चेंडूवर ग्वार्दिओलने झेप घेऊन हेडर मारला आणि गोल केला. क्रोएशियाने तो सामना 2-1 असा जिंकून कांस्यपदक मिळवले. तो हेडर मला मुखवट्याच्या बाजूने मिळालेली सर्वांत भक्कम साक्ष वाटते. नाक मोडलेल्या माणसाचे डोके गर्दीत शिरताना आपोआप मागे खेचले जाते. मी स्वतः मुखवट्याशिवाय सरावाला उभा राहिलो, तेव्हा उंच चेंडूवर डोळे मिटत होते. मुखवटा लावल्यावर ते थांबले. हाडांच्या संरक्षणाइतकाच हा उपयोग मोठा आहे, आणि तेवढ्यासाठी वर सांगितलेली गैरसोय सोसावी असे माझे मत आहे. अट इतकीच की वरची कड भुवयांच्या फार वर जाऊ नये, कारण चेंडू कपाळाच्या मोकळ्या भागावर न बसता कडेवर बसला तर त्याची दिशा भरकटते.

तयार मापाचा मुखवटा आणि चेहऱ्याचा साचा किंवा त्रिमितीय स्कॅन घेऊन बनवलेला मुखवटा यांत फरक फार मोठा आहे. दुसऱ्या प्रकारात बहुधा कार्बन फायबर वापरतात. ते पातळ असूनही ताठ राहते, चेहऱ्याच्या उंचसखल भागांवर नीट बसते, आणि त्यामुळे पट्टे फार आवळावे लागत नाहीत. व्यावसायिक खेळाडूंना क्लबच्या वैद्यकीय पथकाकडून अशी सोय मिळते. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्याला ती महाग पडते, आणि हाड भरून आले की मुखवटा कपाटात जातो, हेही खरे आहे. तरीही मधल्या बचावात नियमित खेळणाऱ्याने शक्य असेल तर तोच घ्यावा. आघाडीवीराला किंवा मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या विंगरला तयार मापाचा पुरेल.

ग्वार्दिओलला पुढे मुखवट्याची गरज उरली नाही. लाइपझिगबरोबर त्याने 2022 आणि 2023 असे दोन जर्मन चषक जिंकले, आणि ऑगस्ट 2023 मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबने सुमारे 9 कोटी युरो मोजून त्याला घेतले. तिथे तो बऱ्याचदा लेफ्ट-बॅक म्हणून खेळला. एप्रिल 2024 मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध त्याने उजव्या पायाने पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेला गोल आणि मे महिन्यात फुलमविरुद्धचे दोन गोल त्याच जागेवरून पुढे जाऊन आले, आणि त्या हंगामात सिटीने प्रीमियर लीग जिंकली.

मुखवटा विकत घेण्यापूर्वी तो बांधून उभे राहावे, चेंडू पायाशी ठेवावा आणि मान ताठ ठेवून तो दिसतो का ते पाहावे. मग एखाद्या सहकाऱ्याला खांद्यामागून हळूहळू पुढे यायला सांगावे आणि तो कोणत्या क्षणी नजरेत येतो ते दोन्ही बाजूंनी तपासावे. आतले फोम काढून धुता येते का आणि सुटे मिळते का, हेही दुकानदाराला विचारून घ्यावे.