लो बो कार्बन हॉकी स्टिक: नवीन फॉरवर्डने घ्यावी का?

टीममधले दोन सीनियर फॉरवर्ड गेले, त्यांची जागा आता आमच्या भाच्याला भरायचीय म्हणून ही ९५ टक्के कार्बनवाली लो बो स्टिक (म्हणजे जिचा बाक, बो, खाली टोकाकडे असतो) घेतली. ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकने ओढत नेऊन फेकणं) आणि रिव्हर्स हिटला (स्टिक उलटी करून मारणं) एक नंबर, बो पण नियमातल्या २५ मिमीच्या आतच आहे. पण जोरात आलेला पास थांबवताना बॉल टणकन उडतो, हात अजून ताठ आहेत ना त्याचे, आणि सीनियर लोक नेमकं तेच करायचे, डिफेंडरला पाठीवर घेऊन बॉल धरून ठेवायचे आणि पेनल्टी कॉर्नर काढायचे. पोराकडे स्पीड आहे, गोल मारेलच, पण ती जागा एवढ्यात भरेल असं नाही वाटत. शिकणाऱ्यांनी कमी कार्बनची मिड बो, म्हणजे बाक मधोमध असलेली, घ्यावी, बॉलचा फील जास्त येतो.