संघटनेचं दप्तर स्कॅनला दिलं आणि आमचीच पाकिटं लिलावात दिसली

तिकिटं, नाणी, काडेपेटीची लेबलं, काहीही जमवणाऱ्यांची जुनी संघटना असेल आणि तिचं दप्तर स्कॅन करून ठेवायचं असं कार्यकारिणीत घाटत असेल, तर आधी हे वाचा. आमची संघटना पोस्टाच्या तिकिटांची. दप्तर म्हणजे मिनिट्स बुकं, आवक-जावक रजिस्टरं, सभासदांची कार्डं, सायक्लोस्टाईलवर काढलेली बुलेटिनं, लिलावाच्या याद्या (कुठला लॉट कितीला आणि कुणाला गेला ते समासात पेनने लिहिलेलं), प्रदर्शनांचे कॅटलॉग आणि गठ्ठेच्या गठ्ठे पत्रव्यवहार. सायक्लोस्टाईलचा कागद मुळातच हलका, आता हात लावला की कडांचा भुगा पडतो, आणि थर्मल कागदावर आलेले फॅक्स तर जवळपास कोरे झालेत. तेव्हा स्कॅन करणं गरजेचंच होतं, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं.

एकाच्या ओळखीने एक 'डिजिटायझेशन एक्स्पर्ट' आला. बोलायला एकदम गोड, कामाचं सगळं माहीत असलेला. फ्लॅटबेड म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर घेऊन आला, आमच्यासमोर बुलेटिनची काही पानं ६०० डीपीआयला (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले ते) स्कॅन करून दाखवली आणि खरं सांगतो, सॅम्पल उत्तम होतं, कागदाचा धागा न् धागा दिसत होता. मग लेखी ठरलं: ६०० डीपीआयच्या रंगीत टिफ मास्टर फाइल (म्हणजे जपून ठेवायची, तपशील न गाळलेली मूळ प्रत), वाचायला पीडीएफ, त्यात शब्द शोधता यायला हवेत, आणि कागद जसेच्या तसे परत. अर्धे पैसे अॅडव्हान्स. इथे बसून काम लवकर उरकणार नाही म्हणून खोकी 'स्टुडिओत' नेतो म्हणाला. आमच्या सेक्रेटरींनी (हे जुन्या वळणाचे गृहस्थ, कागदावर सही घेतल्याशिवाय टाचणीही देत नाहीत) खोक्यागणिक यादी केली, पत्रांपुढे स्वतःच्या हाताने 'पाकिटांसह' असं लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली. पुढे सगळा खेळ या एका शब्दावर आला.

हार्ड डिस्क आली, मीटिंगमध्ये डेमो झाला, फोल्डर उघडले, पानं भराभर पलटली, टाळ्या. आता यातली मेख बघा. साध्या फुल एचडी स्क्रीनची उंची १०८० पिक्सेल. ए४ पान ६०० डीपीआयला खरंच स्कॅन केलं तर ते ४९६० बाय ७०१६ पिक्सेलचं होतं. म्हणजे अख्खं पान स्क्रीनवर बसवलं की तुम्हाला दिसतं ते जेमतेम ९० डीपीआयचं, आणि तेवढ्यात फोनवर काढलेला फोटो आणि खरं स्कॅन यातला फरक कुणाच्या बापालाही कळत नाही. डेमो देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो पान पूर्ण दाखवतो, शंभर टक्के झूमवर कधीच थांबत नाही.

शंभर टक्क्यांवर नेलं ते आमच्यातल्या एका पोराने, घरी निवांत बसून. फाइलची साइज बरोबर होती, २४ बिट रंगाचं तेवढं पान कॉम्प्रेस न करता ठेवलं तर साधारण १०० एमबी व्हायलाच हवं आणि तेवढं होतंही, त्यामुळे वरवर बघणारा गप्प बसला असता. पण अक्षरांच्या कडांना बारीक चौकटी चौकटी दिसत होत्या. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून फोटो दाबतं, त्याच्या त्या खुणा. आता कॉम्प्रेस न केलेल्या टिफमध्ये जेपेगच्या खुणा कशा येतील? जेपेग ताणून मोठं केलं आणि टिफ म्हणून सेव्ह केलं तरच. छापील फोटोंचे ठिपके वेगळे दिसायला हवे होते तिथे नुसता राखाडी गिलावा. काही फाइलींची एक्झिफ माहिती (फोटो कशाने काढला याची फाइलीत आपोआप होणारी नोंद) पुसायची राहिली होती, त्यात चक्क फोनच्या मॉडेलचं नाव. १२ मेगापिक्सेलच्या फोनने ए४ पान अगदी काठोकाठ भरून काढलं तरी ३४५ च्या आसपास डीपीआय पडतो, तोही लेन्सच्या कडेची वाकडी रेष सोडून, आणि आम्ही पैसे मोजले होते ६०० चे.

तिकिटवाल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. तिकिटाच्या कडेची भोकं दोन सेंटिमीटरमध्ये किती यावर परफोरेशन ठरतं आणि त्यावरून एक छपाई दुसरीपासून वेगळी ओळखतात. नीट फ्लॅटबेडवर शेजारी पट्टी ठेवून स्कॅन केलं असेल तर स्क्रीनवरसुद्धा मोजता येतं. तिरप्या धरलेल्या फोनच्या फोटोवरून काय डोंबल मोजणार! बुलेटिनमधले बनावट तिकिटांवरचे सगळे लेख, बाजूबाजूला चिकटवलेल्या खऱ्या-खोट्या नमुन्यांसकट, या दृष्टीने कामातून गेले.

पानांची मोजणी मात्र यादीशी तंतोतंत जुळत होती आणि याचंच त्याला मोठं कौतुक, 'एक पान कमी नाही सर'. त्याच पोराने सगळ्या फाइलींचे चेकसम काढले, एसएचए-२५६ म्हणतात ते. प्रत्येक फाइलचा तो एक लांबलचक आकडा असतो, फाइलमध्ये एक बिट जरी बदललं तरी आकडा बदलतो. खरं तर पुढे कधी फाइल खराब झाली तर कळावं म्हणून काढला, पण झालं असं की ढीगभर फाइलींची नावं वेगळी आणि आकडा एकच! म्हणजे तीच फाइल दुसऱ्या नावाने पुन्हा ठेवलेली, मोजणी भरायला. काही ठिकाणी तेच पान दुसऱ्यांदा काढलेलं, तिथे आकडा वेगळा पण कोपऱ्यात तोच पिवळट नखाचा अंगठा. आणि खरंच कुठली पानं गायब? घडी घालून बांधलेले मोठे तक्ते, चिकटवलेल्या चिठ्ठ्यांखालचा मजकूर आणि पाठची बाजू. थोडक्यात, ज्याला हात लावायला वेळ लागतो ते सगळं.

शब्द शोधण्याचं तर विचारूच नका. डेमोत त्याने एका इंग्रजी टाइप केलेल्या बुलेटिनात शब्द शोधून दाखवला होता. मराठी बुलेटिनात 'लिलाव' टाकलं तर शून्य. मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवला तर रोमन अक्षरांचा कचरा, कारण ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, इंग्रजीवर ठेवूनच सगळं गिरणीत घातलेलं. पीडीएफ तर काळ्यापांढऱ्या, घट्ट दाबलेल्या. याद्यांसाठी हे का वाईट ते सांगतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीची काही मशीन्स स्कॅन करताना ६ चा ८ करत होती, जेबिग२ नावाचं कॉम्प्रेशन सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एकच समजून त्याच साच्यातून पुन्हा छापायचं. पान स्वच्छ दिसतं, आकडा मात्र चुकीचा. लॉट नंबर आणि कॅटलॉग नंबर यांच्याच जोरावर जगणाऱ्या माणसांनी असल्या पीडीएफवर विसंबून मूळ याद्या फेकल्या तर काय होईल विचार करा. आणि फेकायची ऑफर होती बरं का, 'ओरिजिनल डिस्पोज करायचं असेल तर तेही फ्रीमध्ये करून देतो'. तेव्हा ती सेवाभावी वाटली होती काहींना.

कागद परत आले तेव्हा मिनिट्स बुकांचे कणे कापलेले. पानं सुटी करून भराभर काढायची आणि मग गोंदात बुडवून परत पुठ्ठा लावायचा, अशी ती पद्धत. आतल्या समासातल्या सह्यांचं पहिलं अक्षर गोंदात गेलं. बांधीव पुस्तक पूर्ण न उघडता, व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवून वरून स्कॅन करता येतं, त्याला त्याने कोटेशनमध्ये वेगळे पैसेही लावले होते. राग आला, पण याहून मोठं अजून बाहेर यायचं होतं.

पत्रांच्या फाइली हलक्या लागत होत्या. पत्रं आहेत, पाकिटं नाहीत. जो हा छंद करत नाही त्याला वाटेल, मग काय झालं, मजकूर तर आहे. अहो, आमच्याकडे पाकीट म्हणजेच माल. तिकीट, त्यावरचा शिक्का, पत्ता, पाठीवर पोचल्याचा शिक्का, काहींवर युद्धकाळातली सेन्सॉरची पट्टी, असं सगळं जागच्या जागी असलेलं कव्हर आणि भिजवून सुटं केलेलं तेच तिकीट यांची तुलनाच नाही. परदेशी क्लबांशी झालेल्या पत्रव्यवहारातली निवडक पाकिटं गेली होती आणि साधी, पाकिटावरच तिकीट छापलेली, कुणी ढुंकून बघणार नाही अशी तेवढी राहिली होती. निवड इतकी अचूक होती की ती कुणीतरी जाणकाराने केली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. स्कॅनिंगचं बिल हा त्याचा धंदाच नव्हता असं आता माझं ठाम मत आहे, स्कॅनिंग हे दप्तराच्या खोलीत शिरायचं निमित्त.

विचारलं तर आधी म्हणाला पाकिटं नव्हतीच. यादी दाखवली, 'पाकिटांसह' आणि खाली सही, तेव्हा म्हणाला पोरांनी रद्दीत टाकली असतील, सॉरी सर. मग आमच्या एका सभासदाला एका ऑनलाइन लिलावात एक कव्हर दिसलं. पत्ता आमचा. पण पत्त्याने काही सिद्ध होत नाही, आमच्या पत्त्याची पाकिटं वर्षानुवर्षं सभासदांनीही नेलीत. पुरावा ठरला तो डाव्या कोपऱ्यातला आमचा अंडाकृती आवक शिक्का आणि त्यात शाईने लिहिलेला क्रमांक. तो क्रमांक आवक रजिस्टरात बघितला, पत्र कुणाचं ते जुळलं, ते पत्र फाइलीत होतं, पाकीट नव्हतं, आणि रजिस्टरचं ते पान ह्याच भामट्याने स्कॅन करून दिलेल्या फोल्डरमध्ये, अंगठ्यासकट. लिलाव चालवणाऱ्यांना पान, सही असलेली यादी आणि पत्राचा फोटो पाठवला, त्यांनी ते लिस्टिंग उतरवलं. पोलिसात तक्रार दिली. उरलेलं बिल अर्थातच दिलं नाही. थोडी पाकिटं निनावी पार्सलने परत आली, बाकीची नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल संघटना सहसा बोलत नाहीत. सभासदांच्या कार्डांवर नाव, घरचा पत्ता आणि कोण काय जमवतो ते लिहिलेलं असतं. म्हणजे कुठल्या घरात काय ठेवलंय याची तयार यादी. काम संपल्यावर कॉपी पुसल्याचं त्याने लिहून दिलं होतं, तरी दोन-तीन वयस्कर सभासदांना अनोळखी फोन आले, 'तुमच्याकडे अमुक सेट आहे ना, विकायचाय का'. कार्डं बाहेर द्यायचीच नाहीत, ती सभासदांनीच स्वतःच्या स्कॅनरवर करायची, कितीही वेळ लागू दे. बाकी कामही आम्ही आता असंच करतोय, एका वेळी एक खोकं, कागद खोलीबाहेर जात नाही, एकजण पानं पलटतो आणि दुसरा नोंद करतो, पाकीट आधी दोन्ही बाजूंनी, मग पत्र. फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी, चेकसमच्या यादीसह. कंटाळवाणं आहे, पण चाललंय.

अजून बरीच कव्हरं बाहेर फिरतायत. अंडाकृती जांभळा शिक्का, वर 'आवक', आत हाताने लिहिलेला क्रमांक आणि पाठीवर पेन्सिलने फाइलचा नंबर, असं काही कुठे विक्रीला दिसलं तर विकणाऱ्याशी लगेच भांडू नका, तो लिस्टिंग काढून टाकतो आणि मग हातात काहीच राहत नाही. आधी दोन्ही बाजूंचे फोटो मोठ्या साइजमध्ये उतरवून घ्या, लिस्टिंगची तारीख आणि विकणाऱ्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि मग मला मेसेज करा, रजिस्टर माझ्याकडेच आहे, क्रमांक सांगितला की पाच मिनिटांत बघून सांगतो.