डिक्टवरून क्लास काढायचा की युजरडिक्टवरून?
पायथॉनमधे डिक्टच्या (डिक्शनरी, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारा प्रकार) कीज सॉर्ट होऊन मिळाव्यात म्हणून मी थेट डिक्टचा सबक्लास केला आणि त्यात डंडर इटर (__iter__, लूपला एकेक की देणारी मेथड) ओव्हरराइड केलं. फॉर लूप लावला तर अ, ब, क असं नीट आलं, पण त्याच ऑब्जेक्टवर आयटम्स (की-व्हॅल्यूच्या जोड्या देणारी मेथड) कॉल केलं तर क, अ, ब, म्हणजे ज्या क्रमाने टाकलं तोच क्रम! अर्धा दिवस गेला हो यात. कारण असं की डिक्टचं आयटम्स, कीज, व्हॅल्यूज हे सगळं आतून सी भाषेत लिहिलंय, ते तुमच्या इटरला विचारतच नाही, सरळ आतल्या टेबलवरून फिरतं. गेट आणि अपडेटचंही तेच, तुमचं गेटआयटम-सेटआयटम (कंसात की देऊन वाचता-लिहिताना चालणाऱ्या मेथड) त्यांना दिसत नाही.

कलेक्शन्स मॉड्यूलमधलं युजरडिक्ट (आत एक साधं डिक्ट ठेवणारा, पायथॉनमधेच लिहिलेला क्लास) घेतलं तर इटर एकदाच बदलायचं, बाकी सगळं त्याच्यावरूनच चालतं. फक्त इटरच्या आत सॉर्टेडला सेल्फ देऊ नका, सेल्फ डॉट डेटा, म्हणजे आतलं साधं डिक्ट द्या, नाहीतर ते स्वतःलाच बोलावत बसतं आणि रिकर्शन एरर येतो.

युजरडिक्ट स्लो आहे हे खरं, आणि इझइन्स्टन्समधे (ऑब्जेक्टचा प्रकार तपासणारं फंक्शन) ते डिक्ट ठरत नाही, त्यामुळे जेसनचं डम्प्स (डेटा जेसन मजकुरात बदलणारं फंक्शन) टाइपएरर देतं, आधी डिक्टमधे बदलून घ्यावं लागतं. तरी इटरेशन बदलायचं असेल तर मी युजरडिक्टच घेईन, डिक्टचा सबक्लास फक्त एखादी नवी मेथड जोडायची असेल तेव्हा.