तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, पिशवीत एलिमेंट मात्र चार

महिनाभर लिहू का नको असं चाललेलं, कारण यात माझा गाढवपणाच जास्त दिसतो. पण परवा आमच्याच शिवारातल्या अजून एकाला "डिझेल पंप गेलाय" असं सांगून कोणीतरी ट्रॅक्टरचा पंप (इंजिनाला दाबानं डिझेल देणारा) काढून नेला हे कळलं, म्हटलं आता लिहूनच टाकतो.

मी हडपसरला राहतो, शेती उरुळी कांचनच्या पुढं. शनिवार-रविवार तिकडं, बाकीचे दिवस नाना (माझे चुलते) बघतात. कांद्याचं रोप तयार होतं, कॅनॉलला खडकवासल्याचं आवर्तन सुटलेलं, लागणीला बायका सांगून ठेवलेल्या आणि रोटर मारायच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर चालूच होईना. सेल मारला की इंजिन गरागरा फिरतंय, बॅटरी खणखणीत, पण पेटतच नाही. नाना नेमके लग्नाला नगरला गेलेले. मी एकटा, मोबाईलवर शोधून एक नंबर काढला, "शेतावर येऊन ट्रॅक्टर रिपेअर" असं लिहिलेलं. यायचे ८०० म्हणाला, म्हटलं ये बाबा.

आला तो तासाभरात. बोलायला एकदम गोड, साहेब साहेब. आता त्याने जे केलं ते नीट सांगतो कारण सगळा खेळ तिथंच आहे. सतराचा पाना घेतला, नोजलकडे (इंजिनात डिझेल फवारतं ते) जाणाऱ्या पाइपचा नट ढिला केला आणि मला म्हणाला सेल मारा. मी मारला. पाइपमधून थेंबसुद्धा नाही. "बघा साहेब, तुमच्या डोळ्यासमोर आहे, पंप डिझेलच फेकत नाही, एलिमेंट घासले." एलिमेंट म्हणजे पंपाच्या आतला डिझेल दाबणारा दट्ट्या. मला पटलं. डोळ्यानं दिसतंय म्हटल्यावर काय बोलणार? मग त्याने दुसरा पाइप, तिसरा पाइप, मला प्रत्येक वेळी अर्धा-अर्धा मिनिट सेल मारायला लावला, बॅटरी उतरली, वर म्हणतो बॅटरी पण वीक आहे, ओळखीत नवीन देतो. तेवढं एक मी नको म्हणालो. (सेल एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नये, मध्ये थांबावं, स्टार्टर तापतो हे नानांनी नंतर सुनावलं.)

पंप डिझेल फेकत नव्हता हे खरंच होतं. पण पंपाला डिझेल पोचत तरी होतं का, हे त्याने बघितलंच नाही, म्हणजे बघितलं असणार, मला दाखवलं नाही.

१०,००० ॲडव्हान्स मोबाईलवरून टाकले, पंप काढून घेऊन गेला, दोन दिवसांनी आणला. पंप चकाचक पुसलेला. बसवायच्या आधी म्हणाला, "साहेब टाकीत डिझेल तळाला आहे, आधी २० लिटर आणा." आणलं. पंप बसवला, टायमिंग बरोबर जुळवलं, हात चांगला होता गड्याचा, तेच तर वाईट. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसला, बुडबुडे गेले, स्क्रू आवळला, नोजलच्या पाइपचे नट ढिले करून सेल, मग आवळून सेल, आणि ट्रॅक्टर भुर्रकन चालू. मी तर खूश. बिल २३,५००. एलिमेंट, तीन नोजल, कॅलिब्रेशन (पंप किती डिझेल सोडतो ते जुळवणं), मजुरी, सगळं वहीच्या कागदावर, ना दुकानाचं नाव ना सही. जुने पार्ट मागितले तेव्हा जरा का-कू केलं, मग बाईकच्या डिकीतून एक तेलकट पिशवी काढून दिली. दोन दिवसांनी त्याचा फोन, "साहेब ती जुन्या पार्टची पिशवी लागत नसेल तर देता का, भंगारवाला घेतो." मला वाटलं काय कष्टाळू माणूस आहे, वीस-तीस रुपयाचं भंगारसुद्धा सोडत नाही. देणारही होतो, पण शेडात कुठं टाकली ती सापडलीच नाही.

तीन आठवड्यांनी परत तेच. सकाळी सेल फिरतोय, इंजिन पेटत नाही.

या वेळी नाना होते. त्यांनी पानाबिना काही घेतलं नाही, नुसते सायलेन्सरकडं बघत उभे राहिले आणि मला म्हणाले मार सेल. मारला. "धूर हाय का?" नाही. "पांढरासुद्धा न्हाई?" नाही. "मग डिझेल आतच जात न्हाई, पंपाचं नंतर बघू." पांढरा धूर येत असता तर डिझेल जातंय पण पेटत नाही, म्हणजे गारठा असेल, सेल हळू फिरत असेल नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेलं. धूरच नाही म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत बघत यायचं. टाकीचा कॉक चालू आहे का, इंजिन बंद करायचा नॉब ओढलेला राहिलाय का (हसू नका, यावरसुद्धा लोकांनी ८०० दिलेत), फिल्टर तुंबलाय का, आणि लाइनीत हवा धरलीय का.

फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला तर नुसता फेस. हवा. डिझेल दाबलं तरी दबत नाही म्हणून नोजल उघडतं, हवा मात्र पंपाच्या आत स्पंजासारखी दबते न् परत फुगते, पुढं काहीच जात नाही. त्यामुळं पाइपचा नट ढिला केला की कोरडा. अगदी तस्संच, जसं त्याने मला दाखवलेलं.

हवा येते कुठून? नानांनी टाकीखालून फीड पंपाकडं (टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) येणारा रबरी पाइप हातानं चाचपला. क्लिपच्या खाली बारीक चीर, वर धूळ आणि डिझेलचा काळा थर. टाकी भरलेली असली की तिथून नुसतं पाझरायचं, ते धुळीतच मुरायचं, कोणाला कळणार. टाकी तळाला गेली की तिथूनच हवा ओढायचा, त्यात टाकीच्या आतली जाळी कचऱ्यानं निम्मी बुजलेली, फीड पंप जोर लावून ओढणारच. म्हणून त्या पठ्ठ्यानं आधी २० लिटर टाकायला लावले! टाकी भरली, हवा काढली, चालू झाला. पंप काढला नसता तरी चालू झाला असता. पंपाचं काही काम करा अगर करू नका, बसवल्यावर हवा काढावीच लागते, आणि हवा काढली की ट्रॅक्टर चालू होतो, आणि आपल्याला वाटतं २३,५०० कामी आले.

नवीन पाइप आणि दोन क्लिपा, १४० रुपये. जाळी पेट्रोलनं धुतली, फुकट.

मग नाना पंपाकडं वळले. पंपाच्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील असतं, कॅलिब्रेशन केलं की नवीन मारतात. आमच्या पंपाला जुनंच, तारेला गंज. नोजल इंजिनावर धरून ठेवणाऱ्या नटांवर तर इतक्या वर्षांचा मळ जसाच्या तसा. तीन नोजल बदलली म्हणे.

त्या दिवशी शेड पालथं घातलं तेव्हा ती पिशवी खताच्या पोत्यांमागं सापडली. नानांनी गोणपाटावर ओतली आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. माझ्याकडं बघून म्हणाले, "आरं आपला ट्रॅक्टर कितीचा?" तीनचा. असल्या पंपात सिलिंडरमागं एकच एलिमेंट असतं, चौथं येणार कुठनं.

फोन केला त्याला. पहिल्यांदा म्हणाला परत यायचं तर ८०० लागतील, सील आणि चार एलिमेंटचं काढल्यावर फोन कट, मग नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण तक्रार करायची तर कोणाच्या नावानं, माझ्याकडं नाव नसलेला वहीचा कागद. पैसे टाकल्याचा मेसेज तेवढा आहे, तोही १०,००० चाच, बाकीचे मी रोख दिलेले. शहाणपणा.

तुम्हाला हवा काढायची वेळ आली तर एकच सांगतो, इंजिन फिरत असताना ढिल्या नोजल पाइपच्या तोंडाशी बोट धरू नका, ती धार सुईसारखी कातडीत घुसते आणि मग थेट दवाखाना. आणि कोणी पंप काढायच्या गोष्टी करायला लागला तर पंप हलवायच्या आधी सीलचा फोटो काढून ठेवा, त्याच्या समोरच काढा.

ती पिशवी अजून माझ्याकडंच आहे. आता कळतंय की तो भंगारासाठी मागत नव्हता, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला लागत होती. परवा ज्याचा पंप नेला त्याला विचारलं, जुने पार्ट दिले का रे? म्हणाला हो दिले, तीन आहेत. त्याचा ट्रॅक्टर चार सिलिंडरचा.